पंधरा अक्षरांचं इंग्रजी

मला इंग्रजीची पंधरा अक्षरं येतात. बाकीची अकरा मी ओळखतो, वाचतोही, पण ती माझी कधी झाली नाहीत, कारण ती माझ्या पोत्यात नव्हती. एका गाळ्यासाठी मी पाटीवरचं ‘मराठी’ खाल्लं, असं आमच्या मंडळातली माणसं अजून म्हणतात. ज्या सभेत ते ठरलं त्या सभेत याच माणसांनी हात वर केले होते. तेव्हा ती हकीकत एकदा माझ्या बाजूनंही कागदावर यायला हवी.

नागपूर मुंबईकडे गेलं आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, त्याला एक-दोन वर्षं झाली असतील. मी एका पेंटरकडे शिडी धरायचं काम सोडलं होतं. सोडलं म्हणजे भांडून सोडलं. मावसभावाच्या लग्नाला नागपूरला गेलो आणि वरात निघायच्या आधी भंगारबाजारात चक्कर मारली. तिथे एका दुकानात पितळी अक्षरांचं पोतं पडलं होतं. राजधानी हलल्यावर जुन्या कचेऱ्यांच्या गोदामांतून निघालेल्या पाट्या होत्या त्या. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, सुपरिंटेंडेंट, इन्स्पेक्टर, डिव्हिजन, ऑफिस. लाकडी फळ्या कुणीतरी जळणाला नेल्या होत्या आणि अक्षरं वितळवायला ठेवली होती. एकेक अक्षर वीतभर उंच, जाड, मागे ठोकायला दोन खिळे. मी दोनदा दुकानाच्या बाहेर निघून गेलो, दोनदा त्यानं मला परत बोलावलं, आणि तिसऱ्यांदा पोतं माझ्या खांद्यावर होतं. लग्नातलं जेवण चुकलं.

ट्रकमधून परत येताना तिलवाऱ्याच्या नाक्यावर शिपायानं पोत्याला काठी लावली.

“क्या है इसमें?”

“अंग्रेजी है,” मी म्हणालो.

तो हसला आणि सोडलं.

जबलपुरात चेरीतालच्या रस्त्यावर माझी एक टपरी होती. टपरी म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर पत्रा. तिथे मी पोतं ओतलं आणि सारखी अक्षरं एकत्र केली. पंधरा ढीग झाले. मला वाटत होतं, सव्वीस होतील.

आमच्या गल्लीत एक शिक्षिका राहायच्या. अमरावतीकडच्या, नवरा लवकर गेलेला, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणायची. त्यांनी ढिगांकडे पाहिलं आणि बोटांवर मोजत म्हणाल्या, “बी नाही, जी नाही, एच नाही. जे, के, एम नाही. क्यू नाही. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाही. अर्धी इंग्रजी घेऊन आला बाप्पा तू.”

“निम्म्यापेक्षा जास्त आहे,” मी म्हणालो. “सव्वीसातली पंधरा.”

“अन् लिहिशील काय याच्यात?”

“तेच तुम्ही सांगा.”

त्या घरात गेल्या आणि पुठ्ठा निघालेली एक डिक्शनरी घेऊन आल्या. मी सातवी मराठी शिकलेला. इंग्रजी अक्षरं पाटीवर रंगलेली पाहून पाहून ओळखत होतो, तेवढंच. बाईंनी मला रोज संध्याकाळी अर्धा तास वाचायला शिकवलं. पैशाची गोष्ट काढली तेव्हा त्या रागावल्या. मग मी लाल पेन्सिल घेतली आणि डिक्शनरीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. ज्या शब्दात त्या अकरांपैकी एकही अक्षर असेल तो शब्द मारायचा. पूर्ण हिवाळा गेला. जे शब्द लाल रेघेतून वाचले तो माझा माल.

तो माल विचित्र होता. माझ्याजवळ प्रॉफिट होता आणि लॉसही होता. प्राइस होती, डिस्काउंट होता. सिस्टर होती, अंकल होते, पण मदर आणि फादर दोघंही गेले, कारण दोघांत एच. वाइफ डब्ल्यूमुळे गेली. प्लीज म्हणता येत होतं, थँक यू म्हणता येत नव्हतं. इन्सल्ट मात्र पूर्ण होता, एक अक्षर कमी नाही. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या.

पण धंदा झाला. हायकोर्ट जबलपूरला आलं होतं, वकील आले, त्यांच्यामागे डॉक्टर, शिंपी, चष्मेवाले. ज्याला-त्याला इंग्रजी पाटी हवी होती, आणि रंगवलेली नको, पितळेची हवी. गिऱ्हाईक नाव घेऊन यायचं आणि मी त्याला दुसरं नाव विकायचो. यातच सगळी अक्कल होती.

“भैया, न्यू जनरल स्टोर्स लिखना है।”

“न्यू काहे को? न्यू कितने दिन न्यू रहेगा? चार साल बाद लोग हँसेंगे.”

“तो सिर्फ जनरल स्टोर्स?”

“जनरल तो गली-गली में है. युनिव्हर्सल लगाव. पूरी दुनिया का सामान. बोलो, कौन बड़ा?”

तो युनिव्हर्सल घेऊन जायचा, खूश होऊन. माझ्याकडे डब्ल्यू आणि जी नाहीत, हे त्याला मरेपर्यंत कळायचं नाही. हॉटेलवाल्याला मी रेस्टॉरंट विकलं. एक शिंपी बॉम्बे हवं म्हणून हटून बसला होता, तो पॉप्युलर घेऊन गेला. जबलपुरात तेव्हा जितक्या पाट्यांवर नॅशनल, सेंट्रल, आयडियल लिहिलेलं होतं त्यातल्या पुष्कळ माझ्या पोत्यातून गेलेल्या.

एकदाच चुकलो. एका घड्याळवाल्याला वॉच हा शब्दच हवा होता. मी दोन व्ही कथलानं झाळून जोडले आणि डब्ल्यू केला. तसाच दोन आयमधे एक तुकडा टाकून एच. पावसाळ्यात झाळ काळी पडली, डब्ल्यू मधोमध फुटला, आणि अर्धा तुकडा त्याच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पडला. घड्याळवाला भर रस्त्यात माझ्या टपरीसमोर उभा राहून माझ्या आईबापापर्यंत गेला. मीही गेलो त्याच्या. हातापायी झाली. त्या दिवसापासून मी टपरीवर खडूनं लिहून ठेवलं, ‘जोड अक्षर मिळणार नाही.’ लोकांना ती माझी शान वाटली. मलाही वाटायला लागली.

मग रस्ता रुंद करायचा हुकूम आला. आमच्या बाजूच्या सगळ्या टपऱ्या उठणार होत्या. बदल्यात जागा मिळणार होती महाराजपूरकडे. तिकडे तेव्हा शेतं होती आणि मधे मधे विटभट्ट्या.

“महाराजपूरले कोन येईल हो अक्षरं घ्यायले?” बायको म्हणाली. “ढोरं?”

मी तिच्यावर ओरडलो, कारण ती बरोबर बोलली होती.

त्याच वेळी आमच्या मराठी मंडळाची नवी इमारत पूर्ण होत आली होती. वर मुलींना आणि बायकांना शिवण, टायपिंग शिकवायचे वर्ग, आणि खाली रस्त्याकडे तोंड करून तीन गाळे. दोन गेले होते. तिसरा कोपऱ्यावरचा. मी तो गाळा रोज जाऊन पाहायचो. त्याच्या समोरून कोर्टाकडे जाणारा रस्ता होता. त्या रस्त्यानं दिवसभरात जितके वकील जायचे तितके माझ्या टपरीसमोरून महिन्यात जात नव्हते.

गाळा देणं मंडळाच्या सेक्रेटरींच्या हातात होतं. त्यांचं घराणं जुनं, भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज इकडे आले होते म्हणे. आमच्यासारखे मागून आलेले, ‘का’ला ‘काहून’ म्हणणारे वऱ्हाडी लोक त्यांच्या लेखी ‘काहून मंडळी’. मी दोन महिने त्यांच्या दारात गेलो. दर वेळी “पाहू, पाहू”. मग एक दिवस त्यांनीच बोलावलं.

“तुझी ती पितळी अक्षरं आहेत ना? इमारतीवर इंग्रजी पाटी लावायची आहे. उद्घाटनाला भोपाळहून मोठे साहेब येतायत. बारा दिवस आहेत. पाटी मंडळाला भेट म्हणून दे, वेळेवर लाव, गाळा तुझा.”

“वचन?”

“आम्ही शब्द फिरवत नाही.”

“लिहून द्या.”

त्यांच्या कपाळावर आठी आली. “पाटी लागली की लिहून देतो.”

मी नाव विचारायच्या आधी हो म्हणालो. आयुष्यभर गिऱ्हाइकाला नाव विचारल्याशिवाय मी कधी हो म्हणालो नव्हतो. गाळ्याचा कोपरा डोळ्यापुढे होता, त्यानं घात केला.

नाव होतं मराठी लेडीज इन्स्टिट्यूट.

घरी येऊन मी जमिनीवर अक्षरं मांडली. लेडीज पूर्ण. इन्स्टिट्यूट पूर्ण. मराठीत मात्र दोन जागा रिकाम्या. पहिलं अक्षर एम, आणि शेवटच्याच्या आधी एच. बावीस अक्षरं लागायची, वीस जमिनीवर होती, आणि उरलेली दोन सगळ्या जबलपुरात कुणाकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओताऱ्याकडे गेलो. त्यानं आधी माझी अक्षरं हातात घेऊन पाहिली.

“भैया, ये पुराना माल है. नया ढालूँगा तो हल्दी जैसा पीला आएगा. बाजू में लगाओगे तो ऐसा दिखेगा जैसे बुढ़ऊ के मुँह में दो नए दाँत.”

“दाँत चलेंगे. कब दोगे?”

“लगन का सीजन है. भट्टी पे हंडे चढ़े हैं. महीने भर बाद.”

मी आवाज चढवला, मग उतरवला, मग विनवलं. हंडे काही उतरले नाहीत.

बायको म्हणाली, “अहो, द्या ना जोडून दोन अक्षरं. तुम्हाले येते ना.”

“माझ्या टपरीवर काय लिहिलं आहे?”

“टपरी पुढच्या हप्त्यात तुटून राहिली.”

तिच्याशी मी त्यानंतर दोन दिवस बोललो नाही. ती म्हणत होती ते मला करता येत होतं, हे मी नाकारत नाही. पण ती पाटी माझ्याच गाळ्याच्या डोक्यावर असणार होती. पहिल्या पावसात एच काळा पडला, एम फुटला, तर सगळं मंडळ खाली उभं राहून वर पाहणार, आणि खाली मी बसलेला. सेक्रेटरी म्हणणार, काहून मंडळींचं काम असंच. हा विचार मला सहन होत नव्हता. मग मी जे नेहमी करायचो ते करायचं ठरवलं. गिऱ्हाइकाला दुसरं नाव विकायचं.

रविवारी दुपारी मंडळाची कार्यकारिणी बसली. पंधरा-वीस माणसं, सतरंजीवर. बाईही होत्या, कारण वर्ग त्याच चालवणार होत्या. मी पोतं घेऊन गेलो आणि कुणाला न विचारता सतरंजीच्या मधोमध अक्षरं मांडायला लागलो. सेंट्रल लेडीज इन्स्टिट्यूट. रात्रीतून चिंच लावून घासलेली होती. खिडकीतून ऊन येत होतं, ते बरोबर अक्षरांवर पडलं. लोक पुढे सरकले.

“हे काय?” सेक्रेटरींनी विचारलं. “मराठी कुठे आहे?”

मी तयारी करूनच गेलो होतो. म्हणालो, हे शहर आता हिंदी राज्यात आहे. मंडळाकडे मुली किती? तीस. एवढ्यात टायपिंगची यंत्रं पोसली जाणार नाहीत. समोरच्या गल्लीतल्या हिंदी, बंगाली, पंजाबी घरांतल्या मुली आल्या तर शंभर होतील. पण पाटीवर मराठी वाचून त्यांचे बाप दारातून परत जातील. सेंट्रल म्हटलं की सरकारी वाटतं, मोठं वाटतं. आणि हे तर आपल्या जुन्या प्रांताचंच नाव आहे, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. ज्या अक्षरांनी प्रांत लिहिला होता तीच ही अक्षरं. दुसरीकडे कुठे मिळणार?

हे शेवटचं मला तिथेच सुचलं. दोन म्हातारे मान हलवायला लागले. एकाचे वडील त्या कचेऱ्यांत हेडक्लार्क होते.

“मराठी नाव आत व्हरांड्यात रंगवू,” मी म्हणालो. “देवनागरीत. ठळक.”

तेव्हा बाई बोलल्या.

“आत काहून? आत तर आम्ही असूच. पाटी बाहेरच्यासाठी असते.”

दोघा-तिघांनी सेक्रेटरींकडे पाहिलं.

“भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “एक सांग. तुझ्यापाशी एम अन् एच नाही, म्हणून मराठी नाही. बरोबर?”

त्यांनीच तर बोटांवर मोजून मला ती अकरा अक्षरं सांगितली होती.

“तसं नाही बाई.”

“तसंच आहे. तुले जोडून करता येत नाही काय? डब्ल्यू केला होता ना तू घड्याळवाल्याचा?”

“अन् तो फुटला, हेबी माहीत आहे तुम्हाले. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडला असता.”

लोक हसले. हशा माझ्या बाजूचा होता, आणि मी तो सोडला नाही.

“लावतो मी जोड. पण उद्या मोठे साहेब खाली उभे असताना एम पडला तर बाई झेलतील काय?”

पुन्हा हशा. एक जण म्हणाला, “पदर पसरतील.” बाई हसल्या नाहीत.

“मी विचारलं ते सांग,” त्या म्हणाल्या. “पक्का करता येतो की नाही?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. गाळ्याची शेवटची संधी त्या सतरंजीवर होती. हो म्हटलं असतं तर नऊ दिवसांत दोन अक्षरं करून दाखवावी लागली असती, आणि ती फसली असती तर महाराजपूर.

“नाही येत,” मी म्हणालो.

सेक्रेटरी लगेच म्हणाले, “येत नाही म्हणतोय तर काय करणार? वेळ नाही. हात वर करा.” सगळे हात वर झाले. दोन राहिले, एक बाईंचा आणि एक कोपऱ्यातल्या आजोबांचा, पण ते झोपले होते.

मी अक्षरं पोत्यात भरली. मनातून नाचत होतो. असा सौदा मी त्याआधी कधी केला नव्हता. एका अख्ख्या संस्थेला मी दुसरं नाव विकलं होतं.

जिन्यावर सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आधी कधी ठेवला नव्हता.

“शाब्बास. सहा महिने मला जे तोंडातून काढता येत नव्हतं ते तू अर्ध्या तासात करून घेतलंस.”

“म्हणजे?”

“अरे, भोपाळहून ग्रँट यायची आहे. पाटीवर मराठी पाहिलं की साहेब लोक नाक मुरडतात. पण हे मी म्हटलं असतं तर मला मंडळात उभं राहू दिलं नसतं. आता कुणी विचारलं तर सांगता येईल, अक्षरच नव्हतं.”

ते खाली उतरून रिक्षात बसले.

माझा राग लोकांना समजत नाही, म्हणून सांगतो. त्यांनी मराठी काढलं याचा राग मला त्या क्षणी आला नव्हता. ज्याला माल पाहिजेच होता त्याला मी तो गयावया करून विकला, याचा आला. त्यांना सहा महिने तेच हवं होतं. माझ्याकडे कुठली अक्षरं आहेत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर मला बोलावलं होतं. मी बाईंशी खोटं बोललो, वीस माणसांत त्यांच्यावर हशा उडवला, आणि हे सगळं फुकट. मला कुणी असं कधी फसवलं नव्हतं, आणि फसवणारा एक शब्दही खोटा बोलला नव्हता. खोटं मीच बोललो होतो.

घरी गेलो. बायकोला म्हणालो, कानस काढ. तिनं ती काढून दिली.

दोन आय उभे केले, मधे एक व्ही बसवला. एम. दोन आय, मधे तिसऱ्या आयचा कापलेला तुकडा. एच. पण या वेळी नुसतं झाळलं नाही. मागून तांब्याची पट्टी लावली, आरपार रिव्हेट मारले, आणि पुढून सांधे इतके घासले की बोट फिरवलं तरी लागेना. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी एम उचलून दगडावर आपटला. दगडाची खपली उडाली. एम तसाच.

म्हणजे पक्का करता येत होता. सभेत मला ते माहीत नव्हतं असं मी आता म्हणू शकतो. पण माहीत करून घ्यायला फक्त पाच दिवस लागले, आणि तेव्हा माझ्याकडे नऊ होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींच्या सांगण्यावरून मी सेंट्रल लेडीज इन्स्टिट्यूट भिंतीवर लावून दिलं. सकाळी परत गेलो, शिडी आणि पिशवी घेऊन. पिशवीत सात अक्षरं होती. सेंट्रलचीही सातच होती. ती काढायची आणि ही लावायची, पाऊण तासाचं काम. आंब्याची तोरणं लागत होती, सनईवाला वाद्य जुळवत होता, खुर्च्या येत होत्या. मी शिडी लावली आणि दोन पायऱ्या चढलो.

“काय चाललंय?” सेक्रेटरी. पांढरं धोतर, काळा कोट, वेळेआधीच आलेले.

मी पिशवी उघडून एम दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, मागून पाहिला, पुढून पाहिला.

“चांगला झालाय,” ते म्हणाले. “ठेवून दे.”

“लावतो.”

“सभेचा ठराव आहे.”

“सभेला मी खोटं सांगितलं. आता सांगतो सगळ्यांना.”

“सांग ना. मग सभा विचारेल, खोटं का बोललास? गाळ्यासाठी. अशा माणसाला गाळा द्यायचा का, हे पुन्हा सभेपुढे जाईल. दोन महिने लागतील.” त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि एम माझ्या हातात परत ठेवला. “तुझी टपरी कधी तुटते आहे?”

टपरी आदल्या दिवशी तुटली होती. बल्ल्या आणि पत्रा घराच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. बायको सकाळी म्हणाली होती, आज किल्ली आणा.

माझा हात उचलला गेला होता. त्यांना एक लावावी, असं मनात होतं. सनईवाला आमच्याकडे पाहत होता.

“कागद,” मी म्हणालो. “किल्ली नुसती नको. कागद द्या.”

“शिडी आधी काढ.”

“कागद आधी.”

ते आत गेले, टेबलावर बसून दोन ओळी लिहिल्या, सही केली, मंडळाचा शिक्का मारला. मी कागद वाचला, घडी करून बनियनमध्ये ठेवला, आणि मगच शिडी काढली.

साहेब दहाला आले. फीत कापायच्या आधी त्यांनी मान वर करून पाटी वाचली. माणूस भला होता, नाक-बिक मुरडलं नाही.

“हमने तो सुना था मराठी समाज की संस्था है,” ते म्हणाले. “नाम में मराठी नहीं रखा?”

“रखना तो था सर,” सेक्रेटरी म्हणाले, आणि हात लांब करून सगळ्यांसमोर मला दाखवलं. “पर हमारे इन भैया के पास एम ही नहीं था.”

साहेब हसले. खुर्च्यांवरचे सगळे हसले. सभेत हात वर केलेले सगळे. मी गाळ्याच्या दाराशी उभा होतो, पिशवी उजव्या हातात, आणि पिशवीत सर्वांत वर एम होता, कारण तो शेवटी आत टाकला होता. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. पिशवी उलटी केली असती तर तेही लागलं नसतं. डाव्या हातात किल्ली होती.

मीही हसलो.

फीत कापली, लोक वर गेले. बाई सगळ्यांच्या मागून जात होत्या. हातात मुलींसाठी कागदाच्या पुड्यांत बांधलेले पेढे होते. माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी एक पुडी मला दिली. ती घ्यायला मी पिशवी खाली ठेवली, आणि फरशीवर पितळ वाजलं.

“काय आहे रे त्याच्यात?”

“औजारं आहेत,” मी म्हणालो.

“अच्छा,” त्या म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

मी गाळ्याचं कुलूप उघडलं. आत चुन्याचा वास होता आणि अंधार. दार पूर्ण उघडल्यावर रस्त्यावरून काळ्या कोटातले दोन वकील जाताना दिसले. मी त्यांना हाक मारली.